रुखवतात राहिलेला शब्द

अप्पा,

तुम्हाला मातीत बसवून आलो, हाताची विभूती अजून नीट धुतली नव्हती, आणि इकडं तुम्ही फरार झालात.

हे मी म्हणत नाही. आपल्या मिलचं सॉफ्टवेअर म्हणतं. तुमच्या फोनवर नोटीस आली. फोन आता तुमच्या घरी, काकूंकडं. काकूंनी नळदुर्गहून मला फोन लावला आणि एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. "प्रिय मन्मथ, आपण विनापरवानगी गैरहजर आहात. त्वरित आपल्या वरिष्ठांशी संपर्क साधा."



मग काकू म्हणाल्या, "व्यंकट, वरिष्ठांकडंच गेलेत की ते. अजून किती वर जायाचं माणसानं?"

आणि हसल्या. अप्पा, ते हसणं ऐकून मला शिसारी आली. काकूंची नाही. त्या यंत्राची, ते बसवणाऱ्यांची, "प्रिय मन्मथ" असं नुसत्या नावानं लिहिणाऱ्याची. अख्ख्या कळंबात तुम्हाला नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी जन्माला आलं नव्हतं. बाजार समितीतला वळू तुम्हाला बघून बाजूला व्हायचा. आणि हे डबडं तुम्हाला प्रिय म्हणतं, मन्मथ म्हणतं, आणि वर गैरहजर म्हणतं!

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही नेहमी अर्ध्यातच तोडायचात. आता तोडा बघू.

सोयाबीनचं तेल काढणारी आपली कळंबची मिल. तुम्ही टाइम ऑफिसचे मुख्य, मी तुमच्या समोरच्या टेबलावर. हजेरी, रजा, पाळ्या, कोण लागला, कोण सुटला, सगळं आपल्या दोघांच्या हातून जायचं. मग पुण्याच्या हेड ऑफिसनं ठरवलं की हे सगळं आता ढगात ठेवायचं. क्लाउड. तुम्ही म्हणालात, "आपल्या जिल्ह्यात ढग येत्यात आन् न पडता जात्यात. ह्यो एकच ढग आसा यायलाय, कधी न जाणारा."

शिकवायला पुण्याहून सल्लागार मॅडम आल्या. म्हणाल्या, सॉफ्टवेअरची दोन घरं असतात. एक चाचणीचं. तिथं काहीही मोडा, जोडा, कुणाचं नुकसान नाही. दुसरं खरं, जिथं खऱ्या माणसांच्या खऱ्या नोंदी. नियम बदलायचा असेल तर आधी चाचणीच्या घरात बदलायचा, तपासायचा, त्याचं गाठोडं बांधायचं आणि मग ते खऱ्या घरात हलवायचं. मॅडम तासभर इंग्रजीत सांगत होत्या. आमच्या खोलीतली माणसं पोटात वारा धरल्यासारखी बसलेली. तुम्ही हात वर केलात.

"मॅडम, म्हणजे माहेर आन् सासर."

"सर?"

"माहेरी पोरीनं भाकरी करपवली तर आई हसती. सासरी करपली तर गाव हसतं. म्हणून माहेरी शिकायचं. आन् तुमचं ते गाठोडं म्हणजे रुखवत. रुखवतात घातलं तेवढंच सासरी जातं. राहिलं ते राहिलं."

खोलीत पहिल्यांदा जीव आला. बॉयलरवाला सय्यदसुद्धा म्हणाला, "अब समझा." त्या दिवसापासून मिलमध्ये चाचणीच्या घराला माहेर, खऱ्या घराला सासर, गाठोड्याला रुखवत आणि हलवण्याला पाठवणी. मॅडमनी ते लिहून घेतलं. मला खात्री आहे, पुण्यात त्या आता हेच स्वतःचं म्हणून सांगत असतील आणि टाळ्या घेत असतील.

पण अप्पा, तुम्ही म्हणजे काही शहाणपणाचा पुतळा नव्हता. ते आता शोकसभेत बोलणाऱ्यांना बोलू दे. मी चंद्रीचं सांगणार.

रजा कुणी मंजूर करायची, हा नियम माहेरी बसवायचा होता. तपासायला एक खोटा साहेब लागतो. मी म्हटलं, "नाव काय देऊ?" तुम्ही पान लावत होतात. म्हणालात, "चंद्री दे." चंद्री म्हणजे तुमची नळदुर्गची म्हैस. मी दिलं. नियम झकास चालला. रुखवत बांधलं, पाठवणी झाली, आणि रुखवतातून म्हैसही सासरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मिलमधली एकूण एक रजा चंद्रीकडं मंजुरीला. मोठ्या साहेबांची स्वतःची तिरुपतीची रजासुद्धा. त्यांनी विचारलं, "हे कोण चंद्री मॅडम? हेड ऑफिसच्या का?" कुणी सांगेना. एक हमाल म्हणे सरकीची पेंड घेऊन नळदुर्गला जाऊन आला आणि त्याची रजा मंजूर झाली. मी काही पाहिलं नाही, पण पेंडीचं रिकामं पोतं काकूंनी पाहिलंय. आणि खरं सांगू का, त्या दिवसांत मिल लई बरी चालली. वरचा अधिकारी रवंथ करत असला की खालची माणसं मन लावून काम करतात.

त्यावरून आपलं जे भांडण लागलं ते तुमच्या शेवटच्या शनिवारपर्यंत मिटलं नाही.

"रुखवत बांधलं कुणी?" तुम्ही.

"म्हैस कुणाची?" मी.

"म्हैस माझी. पण पाठवली कुणी?"

"नाव कुणी सांगितलं?"

"मी चहात मीठ घाल म्हणलो तर घालशील का रे, थापाड्या?"

चहाच्या टपरीवाल्याला हा संवाद पाठ होता. आपण थकलो की तो पुढचं वाक्य सांगायचा.

चंद्रीनंतर तुम्ही नियम केलात. ज्यानं रुखवत बांधलं त्यानं पाठवणी करायची नाही. दुसऱ्यानं ते उघडून बघायचं आणि मगच मंजूर करायचं. बांधणारा मी, बघणारे तुम्ही. हेड ऑफिसला नियम इतका आवडला की त्यांनी तो सॉफ्टवेअरमध्येच ठोकून बसवला. तुमच्या फोनवर दोन बटणं आली. हिरवं, "मंजूर". तांबडं, "परत पाठवा". हिरवं बटण तुम्ही दाबलेलं बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. तुमच्या तांबड्या बटणाची धास्ती अशी, की मिलच्या गेटवरून सोयाबीनचे ट्रकसुद्धा आपणहून मागं वळायचे. आणि परत पाठवताना शेरा. "शेरा: शुद्धलेखन भूमलाच ठिवून आलास का?" "शेरा: कान हायत का भजी?"

मी भूमचा, ते घेऊन तुम्ही मला जन्मभर छळलंत. "भूमची माणसं घागरभर दुधाचा वाटीभर खवा करत्यात. आन् ह्यो एक व्यंकट. वाटीभर गोष्टीचं घागरभर दूध करतो." मी ऐकून घ्यायचो, कारण वाक्य चांगलं होतं. मीच ते पुढं चार गावांत माझं म्हणून सांगितलंय.

आता त्या शब्दाकडं येतो. याच एका शब्दासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

माणूस नोकरीतून का गेला, याची एक यादी असते. ती मराठीत करायची होती. पहिली चार कारणं आपण झटक्यात लिहिली आणि सासरी पाठवली. राजीनामा. निवृत्ती. कामावरून काढले. न सांगता काम सोडले. पाचवं राहिलं. माणूस मेला तर काय लिहायचं?

मी लिहिलं, निधन. तुम्ही परत पाठवलंत. "शेरा: निधन पुढाऱ्याचं होतं. आपला माणूस मयत होतो."

मी टेबलावरूनच ओरडलो, "अप्पा, मयत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पांढरं कापड येतं!"

"मग काय बुंदीचं ताट यावं का?"

"जरा बरा शब्द नको का?"

"मरणाला बरा शब्द कशाला? तहसीलात मयत. कोर्टात मयत. दवाखान्याच्या दप्तरात मयत. बाईनं पोरंबाळं घेऊन चार ठिकाणी फिरायचं, तर चारी ठिकाणी एकच शब्द पाहिजे. तिथं तुझं निधन दाखवलं तर बाबू म्हणंल, ह्ये कुणाचं अजून?"

मी तुम्हाला खिजवायला म्हटलं, "मग तुमच्यासाठी लिंगैक्य लिहू का? तुम्हा लिंगायतांत तसंच म्हणतात."

तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ते माझ्या घरात. मिलमधी पठाण हाय, मांग हाय, मराठा हाय, वाणी हाय. जितेपणी एका पंगतीला बसले न्हायत. मेल्यावर तरी सगळे एका शब्दात बसू दे."

मला तुमचं पटलं होतं का? अजिबात नाही. मयत हा घाण शब्द आहे. त्याला फिनाइलचा वास येतो. मी पुन्हा निधन घालून रुखवत पाठवलं. तुम्ही पुन्हा तांबडं बटण. असे आपण त्या एका शब्दासाठी झुंजत राहिलो आणि यादी चारावरच अडकली. कुणाला घाई नव्हती. मिलमध्ये कुणी मरतच नव्हतं. सोयाबीनच्या पेंडीचा वास नाकात भरला की यमालासुद्धा गेटपास काढून आत यावंसं वाटत नाही, असं मीच सांगत फिरायचो.

त्या सोमवारी सकाळी तुमचा फोन आला. दर शनिवारी नळदुर्गला जायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं कळंबला यायचं, हा तुमचा नेम. गाडीत बसूनच फोन. तुमचा आवाज असा, की कळंबात मला तो फोनशिवायही ऐकू आला असता.

"व्यंकट, काय करलालास?"

"तुमचीच वाट बघतोय. रुखवत पाठवलंय परत."

"शब्द बदललास?"

"न्हाय."

"मग आल्यावर बघतो तुला. येतोच."

एवढंच. तुळजापूर मागं पडलं होतं. धाराशिवच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "मामा, उठा, गाडी चहाला थांबलीय." तुम्ही खिडकीशी ताठ बसलेले. मांडीवर पिशवी, चिमटीत कळंबचं तिकीट. कंडक्टरला वाटलं, मामा झोपेतसुद्धा किती शिस्तीत बसलेत. जिवंतपणी खुर्ची सोडली नाहीत, मरताना सीट सोडली नाहीत, आणि नळदुर्गला तुमच्या शेतात तुम्हाला बसवूनच नेलं. फुलांच्या मखरात, कपाळाला विभूती, मांडी घालून. मला क्षणभर वाटलं, आता डोळा उघडून म्हणतील, "शेरा: हार वाकडा लागलाय."

हार खरंच वाकडा होता, अप्पा. मी सरळ केला. तुमच्यासाठी केलेलं ते एकच काम तुम्ही परत पाठवलं नाहीत.

यानंतर मात्र मला जे दिसलं त्याची मला किळस आलीय, आणि ती मी गिळणार नाही.

मिलमध्ये शोकसभा झाली. मोठे साहेब कागद बघून बोलले. "मनमत यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली ती भरून निघणार नाही." नाव चुकलं, पण पुढचं खरं निघालं. पोकळी भरणं सोडा, सॉफ्टवेअरमध्ये पोकळी व्हायलाच तयार नव्हती. तुमची नोंद बंद करायला गेलो तर कारण विचारलं. यादी उघडली. राजीनामा. निवृत्ती. कामावरून काढले. न सांगता काम सोडले.

चारच. पाचवं माहेरी पडलेलं.

ज्या माणसाला सोमवारी कामावर येतानाच मरण आलं, त्याच्या नावापुढं त्याच सोमवारपासून रोज तांबडी फुली पडत होती. गैरहजर. गैरहजर. गैरहजर. आणि प्रत्येक फुलीला काकूंकडं एक नोटीस.

मी मॅडमना पुण्याला फोन लावला.

"सो सॉरी, व्यंकट सर. अप्पा सर वॉज अ लेजंड. तुम्ही एक करा, फॉर नाऊ 'न सांगता काम सोडले' सिलेक्ट करा. नोटिसा थांबतील. नंतर करेक्ट करू."

"मॅडम, ते फरार माणसासाठी असतं."

"हो, बट इट्स जस्ट अ लेबल."

जस्ट अ लेबल! अप्पा, या लेबलाचा पुढं कागद निघतो. सेवा समाप्तीचा दाखला. तो काकूंच्या हातात जाणार. तो घेऊन त्या तहसीलात, बँकेत उभ्या राहणार, आणि टेबलामागचा बाबू वाचणार, 'न सांगता काम सोडले.' म्हणजे तुमच्या बायकोनं चार माणसांत ऐकायचं की नवरा पळून गेला. लघवीला जातानासुद्धा "दोन मिनिटांत आलो रे" असं सांगून जाणारा माणूस! आणि ही बाई म्हणे नंतर करेक्ट करू. या मिलमध्ये 'फॉर नाऊ' म्हणून घातलेला एक खिळासुद्धा मी अजून निघालेला पाहिला नाही.

म्हटलं, "तुम्हीच पाचवा शब्द सासरी ढकला की."

"रुखवत रेडी आहे सर, पण ते ॲप्रूव्हलला पेंडिंग आहे."

"कुणाकडं?"

मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, "अप्पा सरांकडं."

ऐकताय ना? तुमचं मरण नोंदवायला शब्द पाहिजे. शब्द सासरी न्यायला तुमची मंजुरी पाहिजे. तुमच्या जागी दुसरा माणूस मंजुरीला नेमायचा तर आधी तुमची नोंद बंद पाहिजे. नोंद बंद करायला तुमचं मरण नोंदवायला पाहिजे. शेपूट तोंडात धरून बसलेला साप बघितलाय का तुम्ही? मी बघितला. तो पुण्यात वातानुकूलित खोलीत बसतो आणि 'सो सॉरी' म्हणतो.

"मग करायचं काय?"

"आम्ही सॉफ्टवेअर कंपनीकडं तक्रारीचं तिकीट काढलंय सर."

"तिकीट तर अप्पांनीही काढलं होतं," मी म्हटलं आणि फोन आपटला. टेबलाला चीर पडली. खोटं वाटत असेल तर वर बसून बघा.

मोठ्या साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "अरे, टाकून दे फरार. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" असं म्हणून त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट तुटून चहात पडलं आणि ते चमच्यानं ते शोधत बसले. तुमच्या अब्रूपेक्षा जास्त वेळ त्या बिस्किटाला मिळाला. मला त्या चहाचा, त्या चमच्याचा, त्या खोलीचा वीट आला. बाहेर येऊन गेटच्या भिंतीवर थुंकलो. 'येथे थुंकू नये' लिहिलंय तिथंच.

मग लॅपटॉप पिशवीत घातला आणि नळदुर्गची गाडी धरली. जाताना तुमच्याच बाजूच्या खिडकीशी बसलो. कंडक्टर तोच होता का ठाऊक नाही. असला तरी मी विचारलं नाही.

काकू पडवीत बसल्या होत्या. समोर फोन, पालथा घातलेला. मी पाणी पिईपर्यंत त्यात एक खण्ण झालं. काकूंनी उलटा केला, वाचला, परत पालथा घातला.

"आज पण गैरहजर," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. माहेर, सासर, रुखवत. अर्धं त्यांना तुमच्यामुळं पाठच होतं. साप सांगितला. आणि म्हटलं, "काकू, अप्पांच्या फोनात एक रुखवत अडकलंय. हिरवं बटण दाबलं की सुटंल. बोट कुणाचं हे यंत्राला कळत नाही."

हे नियमात बसतं का, असं तुम्ही विचारणार. बसत नाही, अप्पा. नियम तुमचाच, आणि तुम्ही मला यासाठी टाइम ऑफिसातून गेटपर्यंत ओरडत नेलं असतंत. पण मेलेल्या माणसाला रोज गैरहजर मांडणं कुठल्या नियमात बसतं, ते मला आधी सांगा. मग खुशाल ओरडा.

काकूंनी चष्मा लावला. फोनचं कुलूप उघडायचा तुमचा तो आकडा दाबला, तुमच्या हाताकडं बघून बघून शिकलेला. रुखवत उघडलं.

"ह्यात काय शब्द हाय?"

"निधन."

काकूंनी तो शब्द लावून वाचला. मग बोट खाली नेलं आणि तांबडं बटण दाबलं.

"अहो काकू!"

"ह्यांना आवडायचं न्हाय. दर रैवारी जेवताना तुझं निधन ऐकलंय मी. तो मयत म्हणंना, तो मयत म्हणंना. भाकरी गार व्हायची." मग फोन माझ्याकडं वळवला. "शेरा मागतंय. काय लिवू?"

"तुम्हाला काय वाटतं ते."

त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर खण्ण झालं. "मन्मथ यांनी आपली विनंती परत पाठवली. शेरा: नको."

अप्पा, तुम्हाला पुरताना मी रडलो नव्हतो. लोकांना धरत होतो, पाणी देत होतो, मखर उचलणाऱ्यांवर ओरडत होतो. त्या 'नको'वर मात्र मी पडवीत डोकं धरून बसलो. काकू उठून आत गेल्या आणि भांडी उगाच वाजवत राहिल्या, मला एकटं रडता यावं म्हणून. इतकी चांगली भांडी कुणी वाजवली नसतील.

मग मी निधन खोडलं आणि मयत लिहिलं. शब्द तुमचा राहिला. वाद मी हरलो असं मात्र समजू नका. मयत हा आजही घाण शब्द आहे. फक्त फरारपेक्षा तो धुतलेला आहे.

रुखवत पुन्हा पाठवायच्या वेळी नेमकी रेंज गेली. काकू म्हणाल्या, "पक्की रेंज गोठ्यात येती. हे तिथंच उभं राहून तुझ्याशी भांडायचे." म्हणून तुमची शेवटची पाठवणी मी गोठ्यात केली, लॅपटॉप गव्हाणीच्या कडेवर ठेवून, चंद्रीच्या तोंडापुढं. तिनं एकदा हुंगून बघितलं. जुन्या नोकरीची आठवण झाली असावी. मी तिच्याकडं बघून म्हटलं, "बाई, तुला सासरी धाडलं ते यांनीच. मी नाही." तिनं मान हलवली. साक्षीदार काकू आहेत. तो वाद माझ्या बाजूनं मिटला, लिहून घ्या.

काकूंच्या हातात तुमचा फोन खणखणला. त्यांनी शब्द वाचला. हूं म्हणाल्या. हिरवं बटण दाबलं. माझ्या लॅपटॉपवर आलं, "मन्मथ यांनी मंजुरी दिली." शेरा नाही, शिवी नाही, भजी नाही. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

पट्टी हळूहळू सरकत गेली आणि शब्द सासरी पोचला. मी तुमची नोंद उघडली, यादी काढली. चार जुनी कारणं आणि खाली पाचवं. मयत. निवडलं. आता शेवटचं बटण दाबायचं होतं.

"आता नोटिसा बंद?" काकूंनी विचारलं.

"बंद."

"अजिबात?"

"अजिबात."

त्या चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजी ह्यांचं नाव घिऊन आता फोन वाजायचा न्हाय."

अप्पा, त्या घाणेरड्या नोटिसांना मी इतके दिवस शिव्या घालत होतो. आणि ही बाई रोज एकदा तुमचं नाव ऐकायला फोन पालथा घालून पुढ्यात ठेवत होती. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. मी म्हटलं, "काकू, राहू देऊ का? अजून थोडे दिवस?"

"नको," त्या म्हणाल्या. "गैरहजर म्हणत्यात त्यांना. दाब."

मी दाबलं. आणि यंत्र आडवं आलं. तांबडी चांदणी लावलेला एक सक्तीचा प्रश्न, उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. हा प्रश्न आपण दोघांनीच त्या फरारांसाठी माहेरी बसवला होता, आठवतंय? तो चुकून यादीतल्या सगळ्याच कारणांना लागला होता, आणि त्या वेळी रुखवत उघडून बघायला आपण विसरलो होतो. 'कर्मचाऱ्याने जाण्यापूर्वी कळवले होते का?' खाली दोनच उत्तरं. होय. नाही.

मी तो मोठ्यानं वाचला. मला वाटलं, काकू आता तरी रागावतील, या यंत्राच्या सात पिढ्या काढतील. मी काढायला तयार होतो.

काकूंनी विचार केला, खरोखर विचार केला, तलाठ्यानं विचारल्यासारखा. तुमच्या घरात तुम्ही दोघं कानडी बोलायचात, आणि दर सोमवारी पिशवी उचलताना तुम्ही उंबऱ्यातून एकच शब्द टाकायचात. येतो, याला कानडीत जो शब्द आहे तो. जातो असं कानडीतही म्हणत नाहीत.

"कळवलं की," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यात उभं राहून सांगून गेले. बर्तीनि, म्हणाले."

मी 'होय' दाबलं, अप्पा.